आधी कविता पाठ, मग नदी

चिनी शिकायचं ठरवलं तेव्हा जो तो सुरांची भीती घालायचा. चार सूर, सूर बदलला की शब्दच बदलला. त्यांना वेळ लागलाच, पण बाकी उच्चारांत मराठी फार कामी आली. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पिनयिन पद्धतीत बी आणि पी लिहितात, ते खरं तर आपले प आणि ओठ मिटून म्हटलेला फ. डी आणि टी म्हणजे त आणि थ. 'चार'मधला च वेगळा, 'चांगला'मधला वेगळा, हे आपल्या जिभेला आधीच ठाऊक असतं आणि चिनीत त्या दोन्हींच्या जवळचे उच्चार लागतात. म्हणून वहीत मी उच्चार देवनागरीतच लिहीत गेले.

अक्षरं गिरवण्याला मात्र पर्याय नाही. डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसले की अर्थ बहुधा पाण्याशी जोडलेला, म्हणजे नदी, सरोवर किंवा समुद्र असा काही असणार, एवढं ओळखू येईपर्यंत नेटाने गिरवायचं.

खरी गोडी लागली ती थांग राजवटीच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) कवितांमुळे. आमच्या बाई आधी पाठ करायला लावायच्या, अर्थ नंतर. चिनी मुलं शाळेत जायच्या आधीच या कविता म्हणतात, असं त्या सांगत. ली पाय या कवीची, यांगत्से नदीकाठच्या पायतीछंग या ठिकाणावरची कविता मला अशीच मिळाली. 759 साली हद्दपारीच्या वाटेवर असताना त्याला माफी मिळाली आणि तो यांगत्सेतून परत फिरला. चार ओळी, अठ्ठावीस अक्षरं. 'मी' कुठेच नाही, क्रियापदाला काळ नाही. दोन्ही काठांवर वानरांचा आवाज थांबत नाही, तोवर हलकी होडी डोंगरांच्या रांगा ओलांडून गेलेलीसुद्धा! चौथ्या अक्षरापाशी किंचित थांबून पुढची तीन म्हटली की ओळीला वेग येतो. तो वेग मला अर्थाच्या आधी कळला होता.

पुढे छोंगछिंग शहराहून, पायतीछंग जिथे आहे त्या फंगच्येला गेले. पायतीछंग आता बेट आहे, पूल ओलांडून जावं लागतं. तीन घळ्यांच्या धरणाचं पाणी 2010 साली 175 मीटरच्या पातळीला पोचलं, त्यामुळे ली पायच्या होडीला पळवणारा वेगवान प्रवाह उरलेला नाही. समोर छूथांग घळीचं तोंड, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. दहा युआनच्या नोटेमागे हेच चित्र आहे. लोक नोट समोर धरून फोटो काढत होते. मीही काढला.

पण त्या संथ, रुंद पाण्यापाशी मला ली पायपेक्षा त्याच्याच काळातला कवी तू फू जवळचा वाटला. आजारी, थकलेला तू फू 766 ते 768 या काळात इथे राहिला आणि चारशेहून जास्त कविता लिहून गेला. उंचावर चढून पानगळ आणि न संपणारी यांगत्से पाहणारी त्याची कविता मी तिथेच मोठ्याने म्हटली. शेजारच्या एका आजोबांनी पुढची ओळ जोडली.

आधुनिक चिनी येते म्हणून तू फू वाचता येत नाही, टीपांची आवृत्ती हवीच. सध्या त्याच्या फंगच्येच्या कविता ओळ-ओळ लावतेय. आठ ओळींच्या नियमबद्ध कवितेत ओळींच्या मधल्या दोन जोड्यांत वरच्या ओळीतल्या प्रत्येक शब्दासमोर खाली त्याच जातीचा शब्द असतो, त्यामुळे अडलेल्या शब्दाचा अंदाज पुष्कळदा त्याच्या जोडीदारावरून बांधता येतो.