त्रैमासिकाचं डिक्लरेशन: माझा अनुभव

आमच्या ठाण्यातल्या वाचक गटाचं त्रैमासिक रीतसर नोंदवायचं ठरलं ते 2023 मध्ये. तेव्हा 1867 चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्टच लागू होता. शीर्षक, म्हणजे त्रैमासिकाचं नाव, सहज मंजूर झालं.

अडलं ते डिक्लरेशनपाशी. मुद्रक आणि प्रकाशकाने स्वतः किंवा अधिकृत माणसामार्फत दंडाधिकाऱ्यासमोर जायचं, अमुक नियतकालिक अमुक ठिकाणी छापतो असं लिहून द्यायचं, आणि ते प्रमाणित झाल्याशिवाय अंक काढायचा नाही. हे खूळ 1867 चंही नव्हे. छापखान्यांना मोकळीक दिली म्हणून तेव्हाचा हंगामी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ याचं नाव घेतात, पण त्याच्या 1835 च्या कायद्यातही डिक्लरेशन होतंच. 1866 साली ठाण्यातून 'अरुणोदय' वृत्तपत्र काढणारेही त्यातून सुटले नसणार. इंग्रजांना एवढंच हवं होतं की काही वावगं छापलं तर कोणाला धरायचं आणि तो कुठे सापडेल.

त्या कचेरीचं नाव घेत नाही. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी आधी छापखान्याचं स्वतःचं डिक्लरेशन मागितलं, कारण छापखाना ठेवणाऱ्यालाही वेगळं द्यावं लागायचं. आमच्या मुद्रककाकांनी ते फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी टांगलेलं. खिळे उचकटून कागद काढला. टाइप केलेला, कडा पिवळ्या, जांभळा गोल शिक्का अर्धा कागदाबाहेर गेलेला. भाऊसाहेबांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "मॅडम, यावर पत्ता नौपाड्याचा आहे. मशीन तर वागळे इस्टेटला."

"अहो, ठाण्यातच आहे की!" काका.

"जागा बदलली की नवीन लागतं."

घरी येऊन कलम वाचलं. माणूस बरोबर बोलत होता. साठ दिवसांपर्यंतची तात्पुरती हलवाहलव असेल, तीही त्याच दंडाधिकाऱ्याच्या हद्दीत, तर चोवीस तासांत कळवून भागत होतं. काकांचं मशीन तिकडे जाऊन कैक वर्षं झालेली.

कायद्यावर माझा राग नाही. राग आहे तो एका वेळी एकच त्रुटी सांगण्यावर. काकांचं नवीन डिक्लरेशन झालं, तर आता जागेचा भाडेकरार हवा. तो नेला, तर मालकाचं संमतिपत्र. तेही नेलं, तर साहेब मीटिंगला. हे सगळं पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून देता आलं नसतं का? शेवटी मीच कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, अजून काय काय लागेल ते यावर लिहा नि खाली सही करा. सही केली नाहीच, पण त्यानंतर नवीन त्रुटीही निघाली नाही. प्रमाणित प्रत हातात आली त्या दिवशी काकांनी सगळ्यांना मिसळ खिलवली. माझ्या त्या कोऱ्या कागदाचा मला अजून अभिमान आहे.

आता नोंदवणार असाल तर हे डिक्लरेशन उरलेलं नाही. 1 मार्च 2024 पासून 2023 चा नवा कायदा लागू आहे. शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच होतो, छापखानाही ऑनलाइनच कळवतो. तरी मुद्रकाचा सध्याचा पत्ता अर्जाआधी स्वतः जाऊन बघा, त्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

शीर्षकाचं एक राहिलं. एकाच नावावर अडून बसू नका, पर्याय तयार ठेवा. आम्हाला सगळ्यात आवडलेलं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं; सहज मिळालं ते दुसरं.

आणि मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचं ठिकाण सांगणारी ओळ प्रत्येक अंकावर हवीच. जुन्या कायद्यात ती नसेल तर 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होती. आमच्या डिझायनरला ती ओळ पानावर कुरूप दिसते. दिसू दे म्हटलं.