चेस्नटची रीना, चार बैठकांत

अमेरिकन लेखक चार्ल्स चेस्नट यांची 'द हाउस बिहाइंड द सीडर्स' (१९००) ही कादंबरी गावच्या वाचनालयात वाचायला घ्यायची तर उन्हाळा बरा. कापूस, तूर घरी आलेली असते, रात्री दोन तास बसता येतं. प्रकरणं ३३, बैठका चार पुरतात. इंग्रजी मजकूर नेटवर मोफत आहे. एकानं वाचून यायचं आणि मराठीत सांगायचं.

पार्श्वभूमी खामगावपासून सांगा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. ही गोष्ट त्याच युद्धानंतरच्या काही वर्षांतली, हे कळलं की माणसं सावरून बसतात.

पहिल्या बैठकीत कोण कोणत्या वंशाचं हे आधीच सांगून टाकू नका. चेस्नट ते हळूहळू उलगडतात. जॉन आणि रीना ही भावंडं दिसायला गोरी, पण आई मॉली मिश्र रक्ताची. जॉन गाव सोडून साउथ कॅरोलायनात गेला, वॉर्विक आडनाव लावलं, गोरा वकील म्हणून मान मिळवला. मग बहिणीलाही नेतो. तिथं जॉर्ज ट्रायन हा गोरा तरुण तिच्या प्रेमात पडतो, लग्न ठरतं.

अठरावं प्रकरण कायद्याचं म्हणून गाळलं जातं. ते गाळलं की जॉन नुसता खोटारडा वाटतो. गावचे न्यायाधीश स्ट्रेट त्याला लहानपणी दाखवून देतात की शेजारच्या साउथ कॅरोलायना राज्यात माणूस गोरा की काळा हे निव्वळ रक्तावर ठरत नाही. लोक त्याला काय समजतात, तो कुणात उठतोबसतो, हेही पाहतात. त्या फटीतून पोरगा निघून जातो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो लग्न मोडण्याच्या प्रसंगाला. आई आजारी म्हणून रीना गावी येते. नेमका ट्रायनही कामानिमित्त त्याच गावात येतो. स्ट्रेट धोका ओळखतात आणि मुलीला एक-दोन दिवस घराबाहेर पडू देऊ नका, अशी चिठ्ठी मॉलीला पाठवतात. मॉलीला वाचता येत नाही. चिठ्ठी तशीच राहते, रीना औषधाच्या दुकानात जाते, आणि ट्रायन तिला बघतो. ती गोरी नाही हे त्याला कळतं, लग्न मोडतं. हा योगायोग ओढून आणलाय, असं कुणीतरी म्हणेलच. गाठ पडणं योगायोग आहे, हे खरं. पण शिक्षण नाकारलेल्या बाईच्या हातात चिठ्ठी मुकी राहणं हा योगायोग नाही. माझ्या मते कादंबरीचा कणा इथं आहे.

शहरात खोली शोधताना आडनाव गिळणं आपल्याकडे ठाऊक आहे, त्यामुळे जॉन चटकन समजतो. अडचण फ्रँकची. पिंपं बनवणारा, गडद रंगाचा हा शेजारी रीनावर जीव टाकतो, मॉलीच्या घराला कामी पडतो, आणि तरी जावई म्हणून त्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. गोऱ्यांनी दूर ठेवलेली मॉली त्याला आपल्याहून खालचा धरते. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती हीच. सगळा राग ट्रायनवर काढून मंडळी मोकळी होतात. चर्चा मॉलीवर आणा, मग ती घराघरात शिरते.

फ्रँक आणि मॉली बोलीत बोलतात, जॉन-रीना शुद्ध. सांगणाऱ्याला वऱ्हाडी वापरायचा मोह होतो. वापरा, पण आपल्या घरात बोलतो तशी, सपाट. नाटकी हेल काढला की श्रोते हसतात, कारण रंगमंचावर वऱ्हाडी बहुतेक हसवायलाच आणली गेलीय. एकदा हसले की फ्रँकचं प्रेम त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

शेवटचं प्रकरण गोषवाऱ्यात उरकू नका, पूर्ण वाचा. त्याचं नाव एका खेचरावर आणि गाडीवर आहे. आजारी रीनाला त्या गाडीत घालून घरी आणणारा फ्रँकच आहे, आणि ट्रायन येतो तो उशिरा. त्या रात्री चर्चेला किमान अर्धा तास राखून ठेवा.