अजिंठ्याच्या छतावरचं कमळ अभ्र्यावर उतरवताना: माझा अनुभव

भरतकामासाठी जुनी छापील नक्षी हवी असेल, तर मराठवाड्यात बसून आधी जॉन ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन खंड पाहावेत, असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी लंडनमध्ये आगीत गेल्या, म्हणून १८९६-९७ साली छापलेल्या या खंडांचं मोल मोठं. दुसऱ्या खंडात छतांवरची नक्षी आहे. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपली आहे.

उशीच्या अभ्र्यासाठी मी २४ सेंमी व्यासाचं कमळ घेतलं. स्वच्छ प्रिंटसाठी तेवढा भाग स्कॅनमध्ये साधारण २,८०० पिक्सेल रुंद हवा. ए-४ कागद २१ सेंमीच रुंद, म्हणून प्रिंट ए-३ वर. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगावं आणि दुकानातच पट्टीनं मोजून घ्यावं.

खरं काम बटर पेपरवर नक्षी गिरवण्याचं. छापील रेघ केसाएवढी असू शकते, दोन पदरी देठ टाका मात्र मिलिमीटरभर जागा घेतोच. तीन मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन रेघा कापडावर एकमेकींत मिसळतात. म्हणून पाकळीतल्या बारीक शिरांपैकी मधली एकच ठेवली. एक पाकळी काढून तीच गोल फिरवत कॉपी करू नये. मुळात ती हातानं रंगवलेली, प्रत्येक थोडी वेगळी. तो जिवंतपणा जपायलाच हवा.

मग खाका, म्हणजे रेघांवर भोकं पाडलेला कागद; त्यावरून बोळ्यानं रंग घासला की नक्षी कापडावर उतरते. दहा नंबरच्या सुईनं दीड-दोन मिलिमीटरवर भोकं पाडायची. मागच्या बाजूला कागदाचे कंगोरे उठतात आणि भोकं बुजतात, त्यामुळे बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा. फिक्या कापडासाठी नीळ, गडदसाठी झिंक पावडर, रॉकेलमध्ये कालवून. बोळा घट्ट पिळलेला हवा. ओला राहिला तर रंग कागदाखाली पसरतो आणि रेघ फुटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रॉकेल लवकर उडतं, तेव्हा मिश्रण थोडं थोडंच करावं, आणि शेगडीपासून दूर.

कापड आधी धुऊन आटवलेलं केसमेंट, म्हणजे साधं सुती कापड. धाग्यांचे रंग स्क्रीनवरून निवडले नाहीत. शंभरावर वर्षांचा कागद पिवळा पडतो, तो पिवळेपणा स्कॅनमध्येही उतरतो. लेण्यांतल्या रंगद्रव्यांवरून निवडले: गेरू, पिवडी (पिवळी माती), हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा आणि लाजवर्दी निळा. गेरूच्या छटेचा धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात इस्त्रीनं दाबून पाहावा. डाग उमटला तर तो धागा बाद.

पाकळ्या लांब-आखूड टाक्यानं, कडेकडून गाभ्याकडे, धाग्याच्या सहापैकी दोन पदर, टोकाला एकच. धागा ४५ सेंमीहून लांब घेतला की तो कापडातून ओढून ओढून विरतो. कापड ताणून धरणारी रिंग सैल असेल तर भरलेल्या पाकळीभोवती चुण्या पडतात, आणि त्या नंतर इस्त्रीनंही जात नाहीत. आकार दीडपट करायचा असेल तर भरायचं क्षेत्र सव्वादोनपट होतं, धागाही त्याच हिशेबानं आणावा. लडी ८ मीटरची असते. धुतल्यावर जाड टॉवेलवर पालथं घालून उलट्या बाजूनं इस्त्री.