कोपनहेगनचा ख्रिस्त आणि पेणची नजर

आमचं घर पेणचं, शाडूच्या मूर्तींचा कारखाना घरातच. त्यामुळे कुठलीही मूर्ती समोर आली की मी आधी मान बघते, मग डोळे. कोपनहेगनच्या व्हॉर फ्रुए किर्के या कॅथेड्रलमध्ये या सवयीचं सोनं झालं.

बाहेरून इमारत मला कोरडी वाटली. सहा डोरिक (म्हणजे प्राचीन ग्रीक धाटणीचे साधे) खांब, वर चौकोनी, बिनशिखराचा बुरूज. पूर्वी इथे उंच मनोरा होता. सप्टेंबर 1807 मध्ये ब्रिटिशांनी शहरावर तोफा डागल्या, त्यात तो पेटून कोसळला आणि चर्चही जळालं. सी. एफ. हान्सेन या वास्तुविशारदाने ते नव्याने उभारलं, 1829 मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

आत मात्र पाय थबकतात. रंगीत काचा नाहीत, चित्रं नाहीत. फिकट भिंती, वर चौकटींची अर्धगोल कमान आणि दोन्ही बाजूंना डॅनिश शिल्पकार बर्टेल थोरवाल्डसेनने घडवलेले बारा प्रेषित, म्हणजे ख्रिस्ताचे पट्टशिष्य. ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी पौल आहे, हातात तलवार घेऊन. पेत्राकडे किल्ल्या. मला सगळ्यांत आवडला थोमा, ख्रिस्त पुन्हा जिवंत झाला यावर शंका घेणारा: हातात गुण्या, बोट हनुवटीला, अजून पटलेलं नाही असा. शंका घेणाऱ्या माणसालाही शिल्पकाराने इतक्या मायेने घडवावं, हे फार मोठं वाटलं मला.

वेदीवर ख्रिस्त. साडेतीन मीटरच्या आसपास उंची, हात पुढे पसरलेले. आमच्याकडे मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने. ते काम घरातला सगळ्यांत कसलेला हातच करतो. इथे बुबुळंच नाहीत, नुसता पांढरा संगमरवर. मग ही नजर येते कुठून? उभ्याने पाहिलं तर खाली वळलेल्या पापण्याच दिसतात. वेदीपुढे गुडघे टेकले आणि चेहरा पूर्ण दिसला, थेट माझ्याकडे पाहणारा. सगळं काम मानेच्या कलाने केलंय. बघणारा कुठे बसेल हे मूर्तिकाराने मातीतच ठरवलं होतं. मी ख्रिस्ती नाही, पण तिथून लवकर उठवेना. शेजारच्या आजी शांतपणे प्रार्थना करत होत्या. त्यांनी जरा सरकून मला जागा दिली.

चर्च सुरू झालं तेव्हा हे पुतळे प्लास्टरचे होते. संगमरवरी नंतर आले. थोरवाल्डसेन आधी मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा नमुना, आणि मग रोमच्या कार्यशाळेतले कारागीर बिंदू-बिंदू मोजून ते माप दगडात उतरवायचे. ते प्लास्टरचे मूळ नमुने शहरातल्याच थोरवाल्डसेन संग्रहालयात आहेत. अंगणात त्याची स्वतःची समाधीही आहे. मातीत हात घालणाऱ्यांनी आधी तिथे जावं, प्लास्टरच्या ख्रिस्ताची मान सगळ्या बाजूंनी नीट बघून घ्यावी, आणि मगच चर्चमध्ये शिरावं.