आधी दारे, मग पत्रा

आमच्या फियाटचे चालकाच्या बाजूचे दार गेल्या महिन्यात पहिल्यांदाच नुसत्या तळव्याच्या दाबाने बंद झाले. ज्याने जुनी गाडी स्वतः उघडून पुन्हा जोडलेली नाही, त्याला यात सांगण्यासारखे काय आहे असा प्रश्न पडेल. मला मात्र या एका दारापायी जवळजवळ दीड वर्ष मोजावे लागले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गाडी १९७० सालची, फियाट ११०० डिलाइट. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, तयारी नव्हती, म्हणून १९७८ मध्ये त्यांनी ती सांगलीच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. पुढची पंचवीस वर्षे ती कोल्हापुरात रोज चालली आणि २००३ मध्ये घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जी उभी राहिली, ती २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तिथेच होती. मी कामाला हात घातला तेव्हा चारही टायर जमिनीला चिकटले होते, डिकीत उंदराने घर केले होते आणि ब्रेकचे ड्रम इतके धरले होते, की गाडी शेडबाहेर काढायला सहा माणसे आणि एक पहार लागली.

ही गाडी नावाने इटालियन असली तरी तयार झाली कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. (मी सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात शिकलो, त्यामुळे या नावाशी माझे नाते या गाडीच्या कागदपत्रांपेक्षाही जुने आहे, असे मी गमतीने म्हणतो.) याच कारखान्यातून त्याआधी निघालेल्या गोल नाकाच्या फियाटला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्यानंतर डिलाइट आली, आणि १९७४ पासून तीच गाडी थोड्याफार फरकाने ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. आत तेच १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तोच गिअर आणि मागे तेच स्प्रिंगचे पाटे राहिले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीसाठी ही गाडी दशकानुदशके वापरात राहिल्यामुळेच माझ्यासारख्याला आजही तिचे पिस्टन, किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी) आणि वॉटर पंप मिळू शकतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी त्यावर हळवे लेख लिहिले. मी मात्र त्याच आठवड्यात पुण्याला नाना पेठेत जाऊन किंगपिनचे दोन संच आणि क्लच प्लेट घेऊन आलो, कारण टॅक्सी थांबली की काही वर्षांत सुट्या भागांचा बाजारही थांबणार हे उघड होते.

आता दाराकडे येतो. जीपला किंवा ट्रकला जशी खाली वेगळी चॅसी असते तशी या फियाटला नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरठे, खांब आणि छप्पर हे सगळे मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे उंबरठा गंजला म्हणजे केवळ शोभा गेली असे नसते, गाडीचा कणाच पोखरलेला असतो. आमच्या गाडीच्या पुढच्या काचेचे रबर सुकून भेगाळले होते. पावसाचे पाणी तिथून डॅशबोर्डच्या मागून उतरून पायाखालच्या मॅटमध्ये मुरत होते, आणि मॅटखालचा तागाचा थर ते पाणी दिवाळीपर्यंत धरून ठेवत होता. वरून गाडी ठणठणीत दिसे. मॅट उचलली आणि स्क्रू ड्रायव्हरने सहज टोचून पाहिले, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून शेडमधली फरशी दिसली.

मी गाडी ज्या गॅरेजला पत्र्याच्या कामासाठी दिली, त्यांनी उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंची दारे उतरवली, मधोमध जॅक लावला आणि डाव्या व उजव्या बाजूचे उंबरठे एकाच दिवशी कापून काढले. आत आडवे पाइप मारून सांगाडा बांधून घेतला नव्हता. आधारच गेल्यावर गाडी मधून किंचित वाकली आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत नवा पत्रा वेल्ड झाला. हे कोणाच्याच लक्षात आले नाही. दारे पुन्हा लावली तेव्हा उजव्या दाराची फट वरच्या बाजूला दहा मिलिमीटर आणि खाली तीन मिलिमीटर भरली. यावर त्यांचा उपाय असा, की दाराची कड ठोकायची आणि उरलेल्या जागी लांबी (पुटी) भरायची. मी गाडी तशीच टेंपोवर घालून घरी आणली. पुढचे सात महिने शेडकडे गेलोच नाही, हेही मान्य करतो.

अखेर एका मित्राने उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेले. त्यांनी आयुष्यभर फियाट आणि अॅम्बॅसेडरचा पत्रा केला होता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार दोनदा उघडून मिटवले, आणि म्हणाले, “सायेब, आधी दारं लावायची, मग पत्रा कापायचा. दार हाच आपला ओळंबा. दार बसलं की समजायचं गाडी सरळ हाय.”

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. त्यांनी गाडी चार ठिकाणी समान उंचीच्या घोड्यांवर (स्टँडवर) ठेवली आणि पाण्याच्या नळीने पातळी तपासली. दोन्ही खांबांमध्ये चौकोनी पाइप वेल्ड करून घेतले आणि मधला एक पाइप जॅकच्या साहाय्याने ताणत ताणत दाराची फट सारखी करत आणली. ती वरपासून खालपर्यंत पाच मिलिमीटर झाल्यावरच चुकीचा उंबरठा कापला, तोही एका वेळी एकाच बाजूचा आणि वीतभर तुकड्यातुकड्याने. दर टाक्यानंतर दार लावून पाहायचे आणि मगच पुढचा टाका मारायचा. सीओटू वेल्डिंगचा एक टाका मारून ते दुसऱ्या टोकाला जात, म्हणजे पत्रा एकाच जागी तापून वाकत नाही. नव्या उंबरठ्याच्या आत रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर मेण मिसळलेले तेल सोडले, आणि पाणी निघून जाण्यासाठी मुळात असलेली भोके त्यांनी आठवणीने उघडी ठेवली. आधीच्या गॅरेजने ती वेल्ड करून बुजवून टाकली होती!

इंजिनाचे काम त्या मानाने सरळ निघाले. कास्ट आयर्नच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड असल्यामुळे वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतलेल्या साध्या नळाच्या पाण्याने हेडची पाण्याची भोके खाऊन टाकली होती. एका ठिकाणी तर खड्डा थेट गॅस्केटच्या कडेपर्यंत आला होता. अर्गॉन वेल्डिंगने भर घालून हेडचे फेसिंग करून घेतले, म्हणजे त्याची बाजू घासून सपाट केली. सिलिंडरचे मूळ माप ६८ मिलिमीटर. झीज इतकी, की पुढच्या मापाला जाणे भाग होते. इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो: आधी पिस्टन विकत घ्यावेत आणि मग ते हातात देऊन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करून, घ्यावे. नेमके कोणत्या मापाचे पिस्टन बाजारात शिल्लक आहेत हे ब्लॉक कापून झाल्यावर कळले, तर पश्चात्तापाशिवाय काही उरत नाही. शिवाय चारही पिस्टन तंतोतंत सारखे नसतात, म्हणून बोअरिंगवाल्याने प्रत्येकावर क्रमांक घालून त्या त्या सिलिंडरचा होनिंगचा (आतून घासून गुळगुळीत करण्याचा) शेवटचा हात त्याच पिस्टनच्या मापाने फिरवला. पेट्रोलची टाकी आतून साफ करून घेतली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या नळ्या बदलल्या. वायरिंग नवे केले. याविषयी लिहिण्यासारखे विशेष काही नाही, फक्त डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) दोन वायरी उलट जोडल्यामुळे पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून जो बार झाला, त्याने शेजारचा कुत्रा दोन दिवस आमच्या फाटकापाशी फिरकला नाही.

खरा पेच पडला तो रंगाचा. मागच्या दाराच्या कडेला मी रुपयाएवढी जागा पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासली, तेव्हा झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी रंगांची वर्तुळे दिसू लागली. सर्वांत वर १९९४ मध्ये मारलेला क्रीम, त्याखाली जरा पिवळट असा आधीचा क्रीम, मग प्रायमरची तपकिरी रेघ आणि मधोमध फिकट निळसर करडा. तो कुर्ल्याचा मूळ रंग. ग्लोव्ह बॉक्सच्या आतही तोच सापडला. गाडी मूळ रूपात आणायची तर करडाच रंग हवा, असे मी मनाशी पक्के केले आणि एका पत्र्यावर नमुना मारून अण्णांना दाखवला. अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कुणाची गाडी रे?”

डॉक्टरांनी विकण्यापूर्वीच गाडी क्रीम करून घेतली होती. नोंदणी पुस्तकातही रंग क्रीम असाच लिहिला आहे, आणि अण्णांनी तिचा करडा रंग कधी पाहिलेलाच नाही. मूळ म्हणजे नेमके कोणते वर्ष धरायचे, याचे उत्तर मला कोणत्याही माहितीपुस्तकात मिळाले नाही. शेवटी बाहेरून क्रीमच रंग मारला आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आतला करडा तसाच, खरचटलेल्या अवस्थेत ठेवला.

याच कारणाने मी ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या वाटेला गेलो नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यांत आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो आणि नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मला तर या गाडीतून शनिवारी भाजी आणायची आहे. म्हणून तपासणी करून घेऊन नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण केले, आणि तीन इंग्रजी अक्षरांचा जुना क्रमांक गाडीवर कायम राहिला.

आतापर्यंत तीन लाख ऐंशी हजार रुपये खर्च झाले आहेत. एवढ्यात एक बरी वापरलेली गाडी आली असती, हे पत्नीने दोनदा आणि मेहुण्याने अनेकदा सांगून झाले आहे. सीटचे काम अजून बाकी आहे. आतल्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, पण काथ्याचा भुगा झाला आहे, आणि काथ्या भरून सीट शिवणारा कारागीर फोमच भरा म्हणून मागे लागला आहे. डिलाइटची पुढची खास जाळीही मिळालेली नाही. सध्या पद्मिनीची बसवली आहे आणि जाणकार माणसे ती पाहताच नाक मुरडतात.

गेल्या रविवारी अण्णांना शेजारी बसवून पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या पुढे चढ सुरू झाला तसा तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी बोनेट उघडायला उतरणार, तोच अण्णा म्हणाले, “पंख्याचा पट्टा सैल असेल, बघ. ह्या चढाला तो नेहमी सैल व्हायचा.” पट्टा बोटाने दाबून पाहिला, तर चांगला इंचभर आत जात होता. डिकीतून तेरा नंबरचा पाना काढला, डायनामो बाहेर ओढून बोल्ट कसला आणि गाडी गार होईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. परत येऊन बसलो तेव्हा अण्णांनी आपल्या बाजूचे दार सवयीने जोरात आपटले. त्या बाजूचे कुलूप अजून नीट बसवायचे आहे.