आमची वाटचाल : खिडकीच्या आतलं लोखंड

आमचं खिडक्यांचं वर्कशॉप कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. वडील सागवानी चौकटी करायचे, मी अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगवर आलो आणि मग युपीव्हीसीवर, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटींवर. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काय नाही. सांगायचंय ते रंकाळ्याकडच्या एका सोसायटीच्या कामाचं. सगळ्या फ्लॅटच्या जुन्या खिडक्या बदलायच्या होत्या, सॅम्पल पास झालं, तोंडी होकार आला, मी प्रोफाइल (चौकटीच्या लांब पोकळ पट्ट्या) मागवली, त्यांचे कोपरे जोडायच्या वेल्डिंग मशीनसाठी कर्ज काढलं. आणि ऐनवेळी दुसऱ्या पार्टीनं कमी कोटेशन टाकलं, तेही आम्हीच घेतलेल्या मापांवर. हातातोंडाशी आलेलं काम गेलं. माल पडून, बँकेचा हप्ता चालू, पोरांचे पगार थकले. अजून आठवलं की डोकं तापतं.

त्यातनं बाहेर काढलं ते शाहूपुरीतल्या एका काकूंनी. 2019 च्या पुरात त्यांच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं, लाकडी चौकटी फुगल्या आणि खिडक्या लागेनात. काकू म्हणाल्या, "पैसे सगळे आधी घे, पण खिडकी अशी दे की परत बघायला लागू नये." त्या पैशातनं मी आधी पगार भागवले. 2021 ला परत पूर आला, पाणी ओसरल्यावर चिखल धुतला, रोलर साफ केले, शटर, म्हणजे खिडकीचं सरकतं पान, पहिल्यासारखं पळायला लागलं. काकूंनी अख्खी गल्ली आमच्याकडं पाठवली.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. युपीव्हीसी आतनं पोकळ असतं, मोठ्या खिडकीत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) स्टीलची पट्टी घातली नाही तर फ्रेम वाकणारच. खिशात चांगला ताकदीचा मॅग्नेट ठेवा, फ्रेमला लावा, चिकटला तर आत स्टील आहे. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते भोकांतनं बाहेरच्या बाजूला गेलं पाहिजे. पावसाची झड थेट अंगावर येत असेल तर स्लायडिंगपेक्षा केसमेंट, म्हणजे दारासारखी उघडणारी खिडकी घ्या, कारण ती बंद करताना रबर गॅस्केट दाबून बसतं, साध्या स्लायडिंगला फटीत नुसती ब्रशची पट्टी असते. रस्त्यावरचं घर असेल तर डबल ग्लास घ्या, आवाज कमी येतो. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच नंतर कापता येत नाही, त्यामुळं माप आधीच पक्कं पाहिजे, आमच्याकडं रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घेतात, उंचीही तशीच, आणि दोन्ही कर्ण जुळवतात. वडिलांचा ओळंबा आणि गुण्या आजपण गाडीत असतो, लेझर आला तरी. आणि फ्रेम-भिंतीमधली फट फोमनं भरून बाहेरनं सिलिकॉन मारा, नुसतं सिमेंट थापणाऱ्याला कामावरच घेऊ नका.

तर त्या रंकाळ्याकडच्या सोसायटीतनं मागच्या पावसाळ्यात सेक्रेटरींचा फोन आला, हॉलमध्ये पाणी येतंय म्हणून. गेलो. मोठ्या शटरची फ्रेम मध्येच पोट काढून आलेली, लॉक बसत नव्हतं, ट्रॅक काठोकाठ भरलेला कारण पाणी जायला भोकंच पाडली नव्हती. मॅग्नेट लावला, टपकन खाली पडला. सेक्रेटरी तो उचलून सगळ्या खिडक्यांना लावत हिंडले, एकाही ठिकाणी चिकटला नाही.

दोन फ्लॅटचं काम करून दिलंय, बाकीचे विचारतायत, जरा कमी करा म्हणतायत. स्टीलसकट जो रेट आहे तोच सांगितलाय, एक रुपया कमी केलेला नाही.