पकड

मंगळवारी माझ्याकडे ज्युदो शिकणाऱ्या पोराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. झोप मात्र माझी उडालीय.

दर्यापूर तालुक्यातलं आमचं केंद्र म्हणजे पत्र्याचं गोदाम. जुन्या फोमवर ताडपत्री ताणली की झाली मॅट. तिथे हा सतरा वर्षांचा मुलगा चार वर्षांपासून ज्युदो शिकतोय. डावा डोळा लहानपणीच गेला. उजव्याने तोंडासमोर धरलेली बोटं कशीबशी मोजतो.

त्याला डाव दाखवून चालत नाही. मी ओ-गोशीत, म्हणजे कंबरेवरून फेकायच्या डावात, अर्ध्यावर थांबून उभा राहतो, तो माझी कंबर, गुडघा, टाच चाचपतो. मग तोच डाव माझ्यावर. अंधांच्या ज्युदोत लढत बाही-कॉलर धरूनच सुरू होते. पकड पूर्ण सुटली की पंच 'माते', म्हणजे थांबा, म्हणतो आणि मधोमध आणून पुन्हा धरायला लावतो. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं ते याला बाहीतून कळतं. माझ्या डोळस पोरांना ते अजून कळत नाही.

"आंधळ्याले कायले कुस्ती?" असं विचारणारे एक साहेब, 2024 साली पॅरिस पॅरालिम्पिकला कपिल परमारने अंधांच्या ज्युदोत ब्राँझ घेतल्यावर, फोटो काढायला आले. मॅट काही आली नाही.

शिबिरात डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, काढला तर बरंच दिसेल, उशीर करू नका. बापाने मला बाजूला घेतलं. "सर, आपरेशन केलं तं पोराचं खेळनं बंद होते का?"

होऊ शकतं. 2022 पासून दोनच गट आहेत, जवळजवळ काहीच न दिसणाऱ्यांचा जे-1 आणि थोडं दिसणाऱ्यांचा जे-2. चष्मा लावूनही किती दिसतं ते तपासतात. जास्त दिसलं की गटाबाहेर. नुसत्या अपंगत्वाच्या दाखल्यावर तिथे भागत नाही.

हे सगळं सांगायचं सोडून मी म्हणालो, "नॅशनल होऊ द्या, मग पाहू."

सरच म्हणताहेत म्हटल्यावर बापाने मान हलवली. तीन आठवडे गेले. शेवटी पोरानेच माझ्याकडून गटांचं सगळं खोदून विचारलं आणि घरी जाऊन तारीख घ्यायला लावली. मला नंतर कळवलं.

काल सराव संपल्यावर थांबला. "सर, दिसाले लागलं का मंग लढत धरल्याबिगरच सुरू होते ना?"

"हो. दूर उभं राहायचं. पकड आपणच मिळवायची."

"थे तं तुम्ही मले शिकवलंच नाई."

नव्हतंच शिकवलं. गोदामाचं कुलूप पुन्हा काढलं. त्याला दोन पावलं दूर उभं केलं आणि माझी बाही शोधायला लावली. नऊपर्यंत तेच चाललं. तीनदा सापडली.